लेव्हल वाढली, आता पॉइंट कुठे घालायचे? आरपीजीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

आरपीजी, म्हणजे एखादं पात्र घेऊन त्याला वाढवत नेण्याचा गेम, नव्याने खेळायला घेतलेला माणूस बहुतेक वेळा अडतो तो लढाई संपल्यावर उघडणाऱ्या स्क्रीनवर. लेव्हल वाढलेली असते, खर्चायला काही पॉइंट मिळालेले असतात, समोर ताकद, चपळाई, बुद्धी, नशीब अशी यादी असते आणि खाली ‘कन्फर्म’ चमकत असतं. कशात पॉइंट घातला की नेमकं काय होईल याचा पत्ता नसतो, म्हणून सगळीकडे थोडे थोडे वाटून पुढे जावंसं वाटतं. तेवढं मात्र करू नका. एकाच लेव्हलची दोन पात्रं घेतली तरी एक बॉसला, म्हणजे एखाद्या बलाढ्य मोठ्या शत्रूला, लोळवतं आणि दुसरं त्याच्या दोन फटक्यांत गार होतं. फरक असतो तो पॉइंट कुठे गेले याचा. त्या स्क्रीनसमोर बसून स्वतःचा निर्णय स्वतः घेता यावा, म्हणून या पायऱ्या लिहिल्या आहेत.

सुरुवातीला थोडी ओळख. शत्रू मारले, क्वेस्ट (गेमने सोपवलेल्या कामगिऱ्या) पूर्ण केल्या की एक्सपी मिळतो, म्हणजे अनुभवाचे गुण. ठरावीक एक्सपी साठला की लेव्हल वाढते आणि लेव्हलबरोबर स्टॅट, म्हणजे ताकद-चपळाईसारख्या गुणांचे आकडे, वाढतात. हा साचा व्हिडिओ गेमच्या आधीचा, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 मध्ये आणला. त्यातले सहा गुण होते ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाची छाप. पुढच्या असंख्य गेम्सनी नावं बदलून, काही गुण जोडून, काही गाळून हीच यादी वापरली. म्हणून एक गेम नीट समजला की दुसऱ्याची यादी अनोळखी वाटत नाही.

पायरी 1 : गेम पात्र कसं वाढवतो ते ओळखा

ढोबळमानाने चार पद्धती आहेत. आपला गेम कोणत्या पद्धतीचा आहे हे पहिल्या तास-दोन तासांत कळतं, आणि ते कळेपर्यंत पॉइंट खर्च केले नाहीत तरी काही बिघडत नाही.

एका पद्धतीत सगळं आपोआप होतं. 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये लेव्हल वाढली की ताकद किती वाढणार, हेल्थ किती वाढणार हे गेमच ठरवतो. ‘पोकेमॉन’ची कथा खेळतानाही जवळपास तसंच असतं. अशा गेममध्ये तुमच्या हातात असतं ते संघात कोणाला घ्यायचं, कोणती चाल ठेवायची आणि कोणती विसरायला लावायची, एवढंच. पोकेमॉनच्या चर्चांमध्ये तुम्हाला आयव्ही आणि ईव्ही हे शब्द दिसतील. आयव्ही हे जन्मजात गुण, प्रत्येक स्टॅटसाठी 0 ते 31. ईव्ही हे कमावलेले गुण, एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त 252 आणि सगळे मिळून 510. दुसऱ्या खेळाडूंशी स्पर्धेत उतरायचं असेल तेव्हा त्याचा अभ्यास करा. कथा संपवायला त्याची अजिबात गरज नाही.

दुसरी पद्धत थेट पॉइंटची. ‘डायब्लो 2’मध्ये दर लेव्हलला 5 स्टॅट पॉइंट आणि 1 स्किल पॉइंट मिळतो. ‘एल्डन रिंग’मध्ये शत्रू मारून रून मिळतात, ते मोजून तुम्ही लेव्हल विकत घेता आणि एका लेव्हलला आठांपैकी एका स्टॅटमध्ये एक पॉइंट घालता. प्रत्येक पुढची लेव्हल आधीपेक्षा महाग असते. शिवाय शस्त्रं, औषधं याच रूनमध्ये घ्यायची असतात, त्यामुळे लेव्हल घ्यायची की सामान, हाही एक निर्णयच.

तिसऱ्या पद्धतीत जे वापराल ते वाढतं. ‘स्कायरिम’मध्ये 18 स्किल्स आहेत. एकहाती तलवार चालवत राहिलात तर ते स्किल वाढतं, लपूनछपून वावरलात तर ते वाढतं आणि या वाढीतूनच पात्राची लेव्हल वर जाते. 1988 च्या ‘फायनल फँटसी 2’ने हीच कल्पना फार टोकाला नेली होती. तिथे मार खाल्ला की हेल्थ वाढायची, म्हणून खेळाडू आपल्याच साथीदारांना बडवून हेल्थ वाढवून घेत.

चौथी पद्धत निवडींची. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये लेव्हल फक्त 12 पर्यंत जाते. क्लासनुसार, म्हणजे फायटर, विझार्ड अशा पेशानुसार, बऱ्याच गोष्टी ठरलेल्या मिळतात आणि तुम्ही मंत्र, उपशाखा, फीट (खास क्षमता किंवा गुणवाढ) अशा मोजक्या पण मोठ्या निवडी करता. लेव्हल कमी असल्याने प्रत्येक लेव्हलला वजन आहे, तिथे घाईने क्लिक करत सुटू नका.

बरेच गेम यांचं मिश्रण करतात. तरीही ‘पॉइंट मी वाटतो की गेम वाटतो’ आणि ‘लेव्हल एक्सपीने येते की वापराने’ या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुढचं सोपं होतं.

पायरी 2 : कन्फर्म दाबण्याआधी आकडे बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नवे खेळाडू नेमकी हीच गाळतात.

स्टॅटचे दोन थर असतात. वर मूळ स्टॅट, म्हणजे ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे. खाली त्यांच्यावरून निघणारे आकडे, म्हणजे हेल्थ, डॅमेज (तुमच्या वाराने शत्रूला लागणारा मार), बचाव, उचलता येणारं वजन, क्रिटिकलची (अधूनमधून बसणाऱ्या जादा जोराच्या फटक्याची) शक्यता. लढाईत कामाला येतो तो खालचा थर. बऱ्याच गेममध्ये तुम्ही वर एक पॉइंट तात्पुरता वाढवला की खालचे बदलणारे आकडे वेगळ्या रंगात दिसतात. तो तात्पुरता पॉइंट एकेका स्टॅटवर ठेवून बघा, आकडे वाचा, परत काढा. मिनिटभराचं काम आहे.

नावावरून अंदाज बांधू नका. पहिल्या ‘डार्क सोल्स’मध्ये रेझिस्टन्स नावाचा स्टॅट आहे. प्रतिकारशक्ती म्हटल्यावर तो महत्त्वाचा वाटतो, पण त्यात पॉइंट घालून मिळणारा फायदा इतका किरकोळ आहे की जाणकार खेळाडू त्याला हात लावत नाहीत. आकडे बघणाऱ्याच्या हे पहिल्याच वेळी लक्षात येतं.

दुसरी गंमत सारख्या पॉइंटला सारखा मोबदला न मिळण्याची. ‘एल्डन रिंग’मधला विगर हा हेल्थ वाढवणारा स्टॅट घ्या. विगर 25 ला हेल्थ 800 असते, 40 ला 1450, 60 ला 1900 आणि 99 ला 2100. आता हिशेब करा. 25 ते 40 या टप्प्यात एका पॉइंटमागे 43 च्या आसपास हेल्थ मिळते. 40 ते 60 मध्ये साधारण 22. आणि 60 च्या पुढचे तब्बल 39 पॉइंट घालून मिळते फक्त 200, म्हणजे पॉइंटमागे जेमतेम 5. असा मोबदला जिथे उतरतो त्या जागेला खेळाडू सॉफ्ट कॅप म्हणतात. एकेका पॉइंटनंतर आकडा आधीपेक्षा कमी वाढताना दिसला की समजायचं, इथलं काम झालं, आता दुसरा स्टॅट.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांवर चालणाऱ्या गेममध्ये पायऱ्या असतात. तिथे गुणाचा आकडा नव्हे, त्यावरून मिळणारा बोनस कामाला येतो. गुणातून 10 वजा करा, उरलेल्याचे निम्मे करा, अर्धवट उरलं तर खाली उतरवा. म्हणून 14 आणि 15 दोन्हींचा बोनस +2 आणि 16 झाला की +3. ताकद 14 वरून 15 केली तर त्या क्षणी तलवारीच्या वारात काहीही फरक पडत नाही. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये पात्र बनवताना मुख्य गुण 16 किंवा 17 ठेवायला सांगतात ते यासाठी. 16 ठेवला तर लेव्हल 4 ला मिळणाऱ्या फीटमधून सरळ +2 घेऊन 18 करता येतो. 17 ठेवला तर +1 देणारा एखादा फीट घ्यायचा, 18 होतातच आणि वर त्या फीटचा आणखी एक फायदा पदरात पडतो.

काही आकडे याच्या उलट, जितके वर जातात तितके मोलाचे होत जातात. टक्केवारीतला प्रतिकार त्यातला. समजा शत्रूचा फटका 100 चा आहे. प्रतिकार 0 वरून 10 टक्के केला तर 100 ऐवजी 90 लागतात, मार एक दशांशाने कमी झाला. तोच प्रतिकार 70 वरून 80 टक्के केला तर 30 ऐवजी 20 लागतात, म्हणजे मार एक तृतीयांशाने कमी झाला. वाढ दोन्हीकडे 10 टक्क्यांचीच. म्हणूनच अनेक गेम प्रतिकाराला वरची मर्यादा घालतात. ‘डायब्लो 2’मध्ये ती साधारणपणे 75 टक्के आहे, आणि वरच्या काठिण्यपातळ्यांवर तुमचा प्रतिकार कापला जातो, त्यामुळे तिथे तो परत भरून काढणं हेच एक मोठं काम होऊन बसतं.

क्रिटिकलचं गणित दोन आकड्यांच्या गुणाकाराचं आहे. क्रिटिकल बसण्याची शक्यता 5 टक्के आणि बसल्यावर 50 टक्के जादा डॅमेज असं असेल तर 100 चा फटका सरासरी 102.5 चा होतो. जादा डॅमेज 50 चं 100 टक्के केलं तरी सरासरी 105 वरच जाते. त्याऐवजी शक्यता 30 टक्क्यांवर नेली तर सरासरी 115. तेव्हा आधी शक्यता वाढवायची, ती बऱ्यापैकी झाली की मग जादा डॅमेजकडे वळायचं.

पायरी 3 : पात्राचं काम एका वाक्यात लिहून काढा

‘लांब उभं राहून आगीचे मंत्र टाकतं.’ ‘एका हाताने ढाल पुढे करून मार अडवतं आणि दुसऱ्या हाताने जड हातोडा फिरवतं.’ ‘लपत जाऊन पाठीमागून एकच वार करतं.’ एवढं वाक्य पुरे. यालाच खेळाडू बिल्ड म्हणतात. वाक्य लिहिलं की यादीतले निम्मे स्टॅट आपोआप गळतात. आगीचे मंत्र टाकणाऱ्याला ताकद लागत नाही, तलवार फिरवणाऱ्याला बहुतेक गेममध्ये बुद्धीचा काही उपयोग नसतो.

त्यानंतर डॅमेज देणारा एक मुख्य स्टॅट निवडा. एकच. दोन निवडायचा मोह होतो, कारण तलवारही आवडते आणि मंत्रही. पण मोजून बघा. समजा 30 पॉइंट आहेत आणि दर पॉइंटला त्या प्रकारच्या हल्ल्याचं डॅमेज 2 ने वाढतं. सगळे ताकदीत घातले तर तलवारीचा प्रत्येक वार 60 ने जड. निम्मे निम्मे केले तर तलवार 30 ने जड आणि मंत्र 30 ने जड, पण एका क्षणी तुम्ही यांतलं एकच काहीतरी करत असता. म्हणजे प्रत्येक क्षणी तुमचे निम्मे पॉइंट नुसते बसून असतात. त्यातून शत्रूच्या बचावाचा आकडा तुमच्या डॅमेजमधून सरळ वजा करणारा गेम असेल तर हाल आणखी वाढतात. 40 च्या बचावापुढे 100 चा वार 60 लावतो आणि 70 चा वार 30. वार तीस टक्क्यांनी हलका, लागलेला मार मात्र निम्मा.

दोन्ही कामं एकत्र करणारी पात्रं नसतात असं नाही, आणि ती खेळायला फार मजाही येते. फक्त ती दुसऱ्या खेपेला करा, गेमची नाडी कळल्यावर.

क्लासांची सरमिसळ करतानाही हेच. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये फायटर, बार्बेरियन, रेंजर, पॅलाडिन, मंक यांना त्या त्या क्लासच्या पाचव्या लेव्हलला एका खेळीत दुसरा वार मिळतो, विझार्डला त्याच टप्प्यावर फायरबॉलसारखे तिसऱ्या पातळीचे मंत्र मिळतात. पात्राची एकूण लेव्हल 5, पण 3 फायटरच्या आणि 2 विझार्डच्या अशी विभागणी केली, तर दुसरा वारही नाही आणि फायरबॉलही नाही. आणि नेमके त्याच सुमाराचे शत्रू दोन वार करणाऱ्या पात्राच्या हिशेबाने उभे केलेले असतात. आधी एका क्लासची पाचवी लेव्हल गाठा, मग काय हवं ते प्रयोग करा.

शस्त्राची अट बघायलाही विसरू नका. काही शस्त्रं ठरावीक स्टॅट असल्याशिवाय नीट चालत नाहीत, आणि शस्त्र कोणत्या स्टॅटबरोबर किती वाढतं हेही शस्त्रागणिक बदलतं. ‘एल्डन रिंग’मध्ये ते ई पासून एस पर्यंतच्या अक्षरांनी दाखवतात, एस सगळ्यात चांगलं. तिथे शस्त्र दोन्ही हातांनी धरलं की ताकद दीडपट धरली जाते, म्हणून 24 ताकद मागणारं शस्त्र 16 ताकदीचं पात्रही दोन्ही हातांनी पेलतं. ढाल बाजूला ठेवायची तयारी असेल तर आठ पॉइंट वाचले.

पायरी 4 : जीव सांभाळणाऱ्या स्टॅटला वाटा काढून ठेवा

डॅमेजचे आकडे डोळ्यांना सुखावतात, हेल्थ वाढवणं कंटाळवाणं वाटतं. तरीही नव्या खेळाडूने सुरुवातीच्या लेव्हलमध्ये निम्म्याच्या आसपास पॉइंट हेल्थकडे वळवावेत असं माझं ठाम मत आहे. जिवंत राहिलात तरच शत्रूच्या चाली बघायला मिळतात, आणि चाली बघितल्याशिवाय त्या चुकवायला शिकता येत नाही.

इथेही हिशेब फटक्यांचा करा. बॉसचा एक फटका 300 चा असेल तर 290 हेल्थ म्हणजे एका फटक्यात खेळ खलास. 310 म्हणजे एक फटका खाऊन औषध प्यायची संधी. त्या 20 हेल्थला जी किंमत आहे ती 310 च्या 330 करणाऱ्या 20 हेल्थला नाही, कारण तुम्ही तरीही दुसऱ्या फटक्याला पडणारच. त्यानंतरचा खरा टप्पा 600 च्या पुढचा.

आळीपाळीने खेळायच्या गेममध्ये वेग हाही जीव वाचवणारा स्टॅट समजावा. आधी खेळी करायला मिळाली तर एक शत्रू त्याची पाळी यायच्या आतच आडवा होतो, आणि मेलेला शत्रू मारत नाही. ‘पोकेमॉन’मध्ये तर वेगात एकाचा फरक असला तरी आधी कोण हे ठरून जातं.

पायरी 5 : एक्सपी कुठून येतो ते बघून फिरा

नवा खेळाडू दिसेल तो शत्रू मारत सुटतो. काही गेममध्ये ते बरोबर आहे, सगळ्यांत नाही. ‘द विचर 3’मध्ये राक्षस मारून मिळणारा एक्सपी अगदी थोडा, खरा एक्सपी क्वेस्टमधून. त्यातही तुमच्या लेव्हलच्या फार मागे राहिलेली क्वेस्ट केली तर हाती जवळपास काहीच लागत नाही. तेव्हा तिथे क्वेस्टच्या शेजारी लिहिलेली लेव्हल बघून क्रम लावावा. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये नवी जागा शोधली, बोलून एखादा पेच सोडवला तरी एक्सपी मिळतो, आणि तळावर थांबलेल्या साथीदारांनाही तो मिळतो. त्यामुळे सगळ्यांना आळीपाळीने बाहेर नेण्याची काळजी नको. ‘डिस्को एलिझियम’मध्ये तर नेहमीच्या अर्थाने लढाईच नाही, बोलणं आणि तपास यांतूनच पात्र वाढतं.

आता ग्राइंडिंग, म्हणजे तेच तेच शत्रू पुन्हा पुन्हा मारून लेव्हल वाढवणं. अडल्यावर थोडं ग्राइंडिंग करायला हरकत नाही, पण त्याआधी शत्रू तुमच्याबरोबर वाढतात का हे तपासा. ‘फायनल फँटसी 8’मध्ये शत्रूंची लेव्हल तुमच्या संघाच्या सरासरीवर ठरते, म्हणजे नुसत्या लेव्हल वाढवून तुम्ही त्यांनाही बळ देता. तिथली खरी ताकद मंत्र साठवून ते स्टॅटला जोडण्यात आहे. ‘स्कायरिम’मध्येही शत्रू बऱ्याच अंशी तुमच्या लेव्हलकडे बघून येतात. बोलणं, लोहारकाम, औषधं बनवणं यांतून लेव्हल झपाट्याने वाढते, आणि लढाईची स्किल्स मागे राहिली असतील तर समोर येणारा शत्रू एकदम भारी वाटू लागतो. लोहारकाम करू नका असं नाही, त्यातून बनलेली शस्त्रं फार कामाची असतात. पण जोडीला तलवारही चालती ठेवा.

‘स्कायरिम’ खेळणाऱ्यांसाठी एक छोटी सोय जाता जाता सांगतो. लेव्हल वाढल्यावर पॉइंट लगेच घेतलाच पाहिजे असं नाही, आणि तो घेतला की हेल्थ, मॅजिका (मंत्रांची शक्ती), स्टॅमिना (दम) तिन्ही पूर्ण भरतात. कठीण लढाईत शिरताना एक लेव्हल राखून ठेवली तर ऐन वेळी ती औषधासारखी वापरता येते.

बाकीच्या पॉइंट पद्धतीच्या गेममध्ये मात्र साठवून ठेवण्यात अर्थ नसतो. ‘एल्डन रिंग’मध्ये मेलात की जवळचे सगळे रून जागेवर पडतात आणि ते उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे जातात. एका लेव्हलपुरते रून जमले असतील तर बॉसच्या दारात जाण्याआधी खर्च करून टाका.

आणि जे स्टॅट पुढच्या प्रत्येक लेव्हलला व्याज देतात ते लवकर घ्या. ‘फॉलआउट: न्यू वेगस’मध्ये दर लेव्हलला मिळणारे स्किल पॉइंट म्हणजे 10 अधिक बुद्धीचे निम्मे. बुद्धी 10 असेल तर दर लेव्हलला 15, बुद्धी 2 असेल तर 11. आणि उशिरा बुद्धी वाढवली तर मागच्या लेव्हलचे बुडालेले पॉइंट परत मिळत नाहीत.

पायरी 6 : लेव्हलच्या बाहेरची ताकद

पात्र कमकुवत वाटलं की आपण लेव्हलकडे बघतो, पण पुष्कळदा दोष शस्त्रात असतो. ‘एल्डन रिंग’च्या सुरुवातीला स्मिथिंग स्टोन वापरून शस्त्र +3 पर्यंत नेल्याने डॅमेजमध्ये जो फरक पडतो तो ताकदीत तीन-चार पॉइंट घालून पडत नाही. साधी शस्त्रं तिथे +25 पर्यंत आणि खास शस्त्रं +10 पर्यंत जातात. दोन-तीन शस्त्रं थोडी थोडी सुधारत बसण्यापेक्षा एकच पुढे न्या.

‘द विचर 3’मध्ये एक फसवी जागा आहे. स्किल विकत घेतलं की ते लागू होत नाही, ते शेजारच्या रिकाम्या स्लॉटमध्ये ठेवावं लागतं. स्लॉटबाहेर पडून राहिलेलं स्किल म्हणजे वाया गेलेला पॉइंट. स्लॉटच्या गटाशेजारी म्युटाजेन नावाची वस्तू बसवता येते आणि तिचा रंग स्किल्सच्या रंगाशी जुळला की बोनस वाढतो. तेव्हा लाल स्किल्स एका गटात, निळी दुसऱ्या गटात असं लावा. आणि नकाशावर दिसणारी शक्तिस्थळं चुकवू नका, पहिल्यांदा वापरलं की प्रत्येक ठिकाणी एक स्किल पॉइंट फुकट मिळतो.

पायरी 7 : परतीचा रस्ता कुठे आहे ते आधीच पाहून ठेवा

वाटलेले पॉइंट परत घेऊन नव्याने वाटण्याला रिस्पेक म्हणतात. ‘डायब्लो 2’ 2000 मध्ये आला तेव्हा ही सोयच नव्हती, ती 2010 च्या 1.13 पॅचमध्ये, म्हणजे गेममध्ये नंतर केलेल्या सुधारणेत, आली. त्याआधी पॉइंट चुकले तर पात्र नव्याने सुरू करण्यावाचून इलाज नसायचा. आता बहुतेक मोठ्या गेममध्ये रिस्पेक असतो. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये तळावर आलेलं विदर्स नावाचं पात्र 100 सोन्याच्या नाण्यांत क्लाससकट सगळं बदलून देतं. ‘एल्डन रिंग’मध्ये रेनाला या बॉसला हरवल्यावर लार्वल टिअर नावाची वस्तू देऊन बदलता येतं, पण या वस्तू मोजक्याच आहेत. ‘द विचर 3’मध्ये त्यासाठी एक औषध विकत मिळतं. ‘स्कायरिम’मध्ये 100 ला पोचलेलं स्किल लेजंडरी केलं की ते 15 वर येतं आणि त्यातल्या खास क्षमतांसाठी (पर्क) घातलेले पॉइंट परत मिळतात.

रिस्पेक स्वस्त असेल तर बिनधास्त प्रयोग करा. महाग किंवा मर्यादित असेल तर लेव्हल वाढवण्याआधी वेगळा सेव्ह करून ठेवा, गेम तशी मुभा देत असेल तर. इंटरनेटवरचा तयार बिल्ड उचलणार असाल तर तो कोणत्या पॅचच्या वेळचा आहे ते बघा, कारण पॅचमध्ये स्टॅटचं गणित बदलतं. आणि त्यात शेवटच्या लेव्हलचं चित्र दिलं असेल तर तिथवर पोचेपर्यंत काय करायचं हेही दिलंय का ते पाहा. लेव्हल 120 ला झकास चालणारा बिल्ड लेव्हल 20 ला पांगळा असू शकतो.

तरीही अडलात तर

हरण्याची तऱ्हा बघितली की पुढचे पॉइंट कुठे जायला हवेत ते कळतं. एक-दोन फटक्यांत मरत असाल तर हेल्थ किंवा प्रतिकार कमी आहे. आधी कोणत्या प्रकारचा मार लागतोय ते बघा, आग असेल तर आगीचा प्रतिकार देणारं चिलखत पॉइंटपेक्षा लवकर गुण देतं. मरत नाही पण लढाई लांबत जाते, औषधं संपतात, असं होत असेल तर डॅमेज कमी आहे, शस्त्र सुधारा आणि मुख्य स्टॅटकडे वळा. वार हुकत असतील तर अचूकतेचा आकडा तपासा. फाशांच्या गेममध्ये मुख्य गुणाचा बोनस वारात धरला जातो, तो +2 वरच अडकलाय का ते बघा. ऐन मोक्याला मॅना (मंत्रांची शक्ती) किंवा स्टॅमिना संपत असेल तर त्या स्टॅटमध्ये थोडे पॉइंट घाला, पण फक्त तुमची नेहमीची चालींची साखळी पूर्ण होईल इतकेच. आणि शत्रूच्या डोक्यावर कवटीचं चिन्ह दिसत असेल, किंवा तुमच्या वाराने त्याची हेल्थची पट्टी हलतच नसेल, तर तो भाग तुमच्या लेव्हलचा नाही. नकाशावर खूण करून ठेवा, दुसऱ्या वाटेने जा आणि चार-पाच लेव्हलनंतर परत या.